वाऱ्याचा रहाट

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वाडीतला बैल जिवंत होता. आमचं गाव बोर्ली पंचतनच्या बाजारापासून चालत तासाभरावर, अगदी किनाऱ्याला. घरामागे माड आणि पोफळींची वाडी, वाडीत घराला लागूनच विहीर, विहिरीवर रहाट. बैल गोल फिरायचा, लोट्यांची माळ भरून वर यायची आणि पाणी पन्हळीतून पाटात पडायचं. पाऊस सरला की पुढचा पाऊस येईपर्यंत वाडीला पाणी द्यावंच लागतं. आम्ही त्याला शिंपणं म्हणतो. शिंपण्याच्या दिवसांत घरातलं माणूस वाडी सोडून कुठे जात नाही, अगदी सख्ख्या भाचीचं लग्न असलं तरी.

दुसऱ्या वर्षी बैल गेला. नवा बैल लगेच आणणं जमण्यासारखं नव्हतं. आमचे हे मुंबईला गिरणीत फिटर होते, वर्षातून एकदा किंवा दोनदा घरी यायचे. घरी सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. आबांना दमा होता. म्हणून सासूबाईंनी आणि मी रहाट पायांनी चालवायला घेतला. विहिरीवर आडवी टाकलेली एक फळी असते, तिच्यावर बसायचं, रहाटाची वरची दांडी हातांनी ओढायची, खालची पायांनी लोटायची. खाली बघितलं की विहिरीचं काळं पाणी दिसतं, म्हणून खाली बघायचं नाही. सासूबाई थकल्या की मी, मी थकले की सासूबाई, असं उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालायचं.

त्या वर्षी मला दिवस गेले. चौथा महिना होता. एका सकाळी फळीवर बसले असताना पोटात कळ आली. मी तशीच थोडा वेळ रहाट लोटत राहिले, कारण शेवटच्या ओळीतल्या पोफळींना पाणी पोचायचं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. सासूबाईंनी मला न्हाऊ घातलं, अंथरुणावर निजवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच रहाटावर बसल्या. आठवड्याने मी उठून विहिरीवर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मलाही असंच झालं व्हतं. याच फळीवर." आणि त्यांनी पाय थांबवले नाहीत.

शिमग्याला हे घरी आले. त्यांना कोणी काय सांगितलं, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः जाऊन फळीवर बसले. बराच वेळ बसले. उतरले तेव्हा त्यांचे तळहात लाल झाले होते, आणि हा माणूस गिरणीत लोखंडाशी झुंजणारा.

"रोज इतकंच?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळा वाढला की जास्त," मी म्हटलं.

 परत जाताना ते आगबोटीने थेट मुंबईला न जाता मुरुडला उतरले. तिथे मुंबईच्या एका शेटची बाग होती. बागेत शेटने हौसेने परदेशातून एक पवनचक्की आणून उभी केली होती. पुढे तेलावरचं इंजिन आलं, तशी चक्की नुसती गंजत पडली. गिरणीतल्या ओळखीने ते इंजिन दुरुस्त करायला हे पूर्वी एकदा तिथे गेले होते. आता त्यांनी शेटला विचारलं, इंजिन मी वर्षभर सांभाळतो, त्याच्या बदल्यात चक्की मला द्याल का? शेट हसला म्हणे. त्याला ते लोखंड बागेतून हलवायचंच होतं.

पुढच्या माघात मुरुडहून एक मचवा आमच्या खाडीत शिरला. हे त्यात लोखंडी पट्ट्यांच्या ढिगावर बसले होते. बैलगाड्यांमधून ते सामान अंगणात आलं. चार लांब पाय, पत्र्याची रुंद पाती, माशाच्या शेपटासारखा एक मोठा पत्रा, नळ, दांडे, आणि तेलाने बरबटलेली एक जड पेटी.

आबा ओटीवरून खाली आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "हे काय रं?"

"रहाट. वाऱ्यावर चालणारा."

"वारा काय आपला बैल हाय? जुंपला की फिरल?"

"जुंपून बघू या, आबा."

होडी बांधणारा सुतार आला, कोळीवाड्यातली चार माणसं आली. त्यांना डोलकाठ्या उभारायची सवय. दोर आणि कप्प्या लावून त्यांनी विहिरीवर मनोरा उभा केला आणि वर चाक चढवलं. ह्यांनी नळ विहिरीत सोडला, दांडा जोडला. सगळं गाव वाडीच्या कुंपणाशी गोळा झालं होतं. दुपार झाली, समुद्रावरून खारा वारा सुटला, माडांचे शेंडे हलू लागले. चाक काही हललं नाही. एकदा जरा कुरकुरलं, अर्धं वळलं आणि थांबलं. लोक बराच वेळ थांबले, मग एकेक करून घरी गेले. जाताना कोणीतरी म्हणालं, कळस छान बसलाय, आता देव बसवा. ह्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून बांबूला बांधली आणि तो बांबू घेऊन वाडीभर हिंडले. किनाऱ्याकडच्या टोकाला पट्टी ताठ उभी राहायची. विहिरीजवळ आली की बांबूला चिकटून लोंबायची. संध्याकाळी ते मला म्हणाले, "वाऱ्याचा दोष नाही. वारा भरपूर आहे, आणि नेमका शिंपण्याच्या दिवसांत, रोज दुपारी येतो. पण पश्चिमेचे माड तो अडवतात. विहिरीपर्यंत येऊच देत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. ते माड आबांच्या वडलांनी लावलेत. त्यांना यातलं काही बोलू नकोस. रजा संपायच्या आत मी हे उतरवून ठेवतो."

आमच्याकडे फळता माड कोणी तोडत नाही. वादळात पडला तर बायका त्याच्याजवळ जाऊन घरातलं माणूस गेल्यासारख्या उभ्या राहतात. म्हणून मीही गप्प बसले.

सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजाने जाग आली. हे धावत वाडीत गेले, त्यांच्यामागे मी. आबांनी पश्चिमेच्या पहिल्या माडाच्या बुंध्याला कुंकू लावलं होतं, समोर नारळ फोडून ठेवला होता आणि स्वतः कुऱ्हाड चालवत होते. दोन घाव घातले की थांबायचे, छातीवर हात ठेवून श्वास घ्यायचे, पुन्हा घाव.

"आबा, थांबा. हे कशाला करता?"

"तुझं फडकं मी काल दिवसभर बघितलंय. मला काय समजत न्हाय?"

"फळते माड आहेत."

"हायेत. पुन्हा लावू." आबांनी माझ्याकडे न बघता पुढे म्हटलं, "ही पोर आता त्या फळीवर बसायची न्हाय."

वर्ष होत आलं होतं. त्या गोष्टीबद्दल आबा माझ्यासमोर एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटायचं पुरुषमाणसाच्या ते ध्यानातही नसेल. मी तिथून मागे फिरले आणि चुलीशी जाऊन बसले, कारण डोळ्यांना पदर लावल्याशिवाय राहवेना.

ह्यांनी आबांच्या हातातून कुऱ्हाड घेतली. कोळीवाड्यातली माणसं पुन्हा आली आणि दोर बांधून त्यांनी एकेक माड समुद्राच्या बाजूला निजवला. पश्चिमेला आकाशाची एक मोठी खिडकी उघडली. घरात त्या बाजूने इतका उजेड कधी आलाच नव्हता.

वाडी साफ झाली त्या दुपारी आम्ही चौघंच होतो. कुंपणाशी कोणी आलं नव्हतं. वारा सुटला. आधी शेपूट वळलं, मग चाकाने तोंड समुद्राकडे केलं आणि सावकाश फिरायला लागलं. दांडा वरखाली होऊ लागला. नळ नुसताच घशात अडकल्यासारखा आवाज करत राहिला. हे नळाला कान लावून बसले होते. मग आतून काहीतरी चढत आल्यासारखं झालं, नळाने आधी गढूळ, मग लाल, मग स्वच्छ पाणी ओतलं आणि ते पाटातून आपोआप पुढे निघालं.

सासूबाईंनी धारेखाली हात धरला. दोन्ही मनगटं भिजेपर्यंत धरला. मग घरात गेल्या आणि ओटीवर चटई टाकून आडव्या झाल्या. त्या दुपारी कधी निजत नसत. बऱ्याच वेळाने मी घाबरून बघायला गेले, ताप तर नाही ना. अंग थंड होतं. नुसत्या निजल्या होत्या, तोंड उघडं टाकून, दिवेलागणीपर्यंत.

मुंबईला जाण्याआधी ह्यांनी मला चक्कीचं सगळं समजावलं. पायथ्याशी एक लोखंडी दांडी होती. ती खाली ओढली की तार ताणली जाई, शेपूट चाकाला येऊन चिकटे आणि चाक वाऱ्याकडे कूस करून थांबे. काम झालं की असं मिटवायचं, आणि वादळाचं चिन्ह दिसलं तर लगेच मिटवायचं. वरच्या पेटीत महिन्याला तेल घालायचं. "त्यासाठी कोळीवाड्यातून कोणालातरी बोलव," ते म्हणाले.

श्रावणापर्यंत तसा माणूस मिळाला. नारळी पौर्णिमेनंतर मात्र होड्या समुद्रात गेल्या आणि डोलकाठीवर चढणारी सगळी माणसं त्यांच्याबरोबर गेली. आश्विनात चाक फिरताना कण्हू लागलं. मी दोन दिवस निरोप पाठवले. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा फाटकाशी जाऊन बसले, सासूबाई निजल्या, तेव्हा मी कासोटा घट्ट खोचला, तेलाचा डबा पाठीला बांधला आणि मनोऱ्याची शिडी चढले. चढताना भीती वाटली. वर गेल्यावर वाटली नाही. आमचं घर, विहीर, पाट, किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी, लांबवर कोळ्यांची शिडं, सगळं एका नजरेत दिसत होतं. त्यानंतर दर महिन्याला मी तशीच चढत गेले, आबा दुपारचे फाटकाशी बसलेले असताना. गावात कोणाला कळलं असतं तर काय बोलले असते, ते मला माहीत होतं. आबांना कळलं तर काय, याची धास्ती त्याहून मोठी होती. प्रत्येक वेळी खाली उतरले की आधी फाटकाकडे बघायची.

दुसऱ्या वैशाखाच्या अखेरीला एका दुपारी नैर्ऋत्येकडे आभाळ शाईसारखं झालं. वारा एकदम आला. पश्चिमेचे माड आता नव्हते, त्यामुळे तो थेट चाकावर येऊन आदळला. मी धावत जाऊन दांडी खाली ओढली. ती हलकीच हातात आली. वर बघितलं तर तार मध्येच तुटली होती. खाऱ्या हवेने ती आतून खाऊन टाकली होती आणि बाहेरून कळलं नव्हतं.

चाक वेगाने फिरू लागलं. पाती वेगळी दिसेनात. थोड्या वेळाने पंपाचा दांडा मोडला. मग तर चाकावर पाण्याचंही ओझं राहिलं नाही आणि ते मोकाट सुटलं. मनोऱ्याचे पाय थरथरत होते. तो पडला असता तर स्वयंपाकघरावर आणि गोठ्यावर पडला असता. सासूबाईंनी म्हशीला सोडून बाहेर आणलं. आबा काठी टेकत विहिरीशी आले आणि वर बघत म्हणाले, "तार कुठं तुटली?"

"मधल्या कडीपाशी. वरचा तुकडा लोंबतोय."

"त्याला दोर बांधला तर खालून ओढता येईल?"

"येईल."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तेल घालायला चढतेस त्याच्या निम्म्यापर्यंतच चढायचं हाय."

मी बघतच राहिले. "आबा, तुम्हाला..."

"मला माहीत हाय. ते मागनं बोलू."

सासूबाई पुढे आल्या. "ती न्हाय चढायची. मी कोळीवाड्यातनं माणूस आणते."

"माणूस येईस्तवर हे खाली येल," आबा म्हणाले. मग मला म्हणाले, "बाय, तू न्हाय म्हणालीस तरी चालेल. घर पुन्हा बांधता येतं."

त्यांनी तसं म्हटलं नसतं तर कदाचित माझा धीर झाला नसता. मी हो म्हटलं. आबांनी माडावर चढायचा जुना दोर माझ्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. दुसरा लांब दोर मी खांद्यावर टाकला.

शिडीच्या लोखंडातून थरथर तळपायांत येत होती. वारा लुगडं ओढत होता, डोळ्यांत वाळू जात होती. मी वर चाकाकडे बघितलं नाही, खालीही बघितलं नाही. समोरची पायरी, मग पुढची पायरी. लोंबणारी तार वाऱ्याने इकडून तिकडे फिरत होती. कमरेचा दोर पायरीला अडकवून मी एक हात सोडला. दोनदा ती निसटली, तिसऱ्यांदा हातात आली. रहाटाच्या माळेला बांधायची तशी गाठ मी तिला मारली, पुन्हा एक मारली आणि दोराचं टोक खाली टाकलं.

आबा आणि सासूबाई दोघांनी मिळून दोर ओढला. सासूबाई जवळजवळ जमिनीला टेकल्या होत्या. वर शेपूट कुरकुरत वळलं, चाकाला येऊन चिकटलं आणि चाकाने वाऱ्याकडे कूस केली. पाती पुन्हा वेगवेगळी दिसू लागली. मग सावकाश फिरली. मग थांबली. आबांनी दोर विहिरीच्या खांबाला गुंडाळला.

आता मला उतरता येईना. पाय शिडीला चिकटले होते. आबा खालून बोलू लागले, अगदी शांतपणे, गाईला गोठ्यात घालताना बोलतात तसे. "उजवा पाय खाली. हां. आता डावा. घाई न्हाय. आता हात सोड एक." त्यांच्या आवाजावर मी खाली आले. पाऊस तेव्हाच सुरू झाला आणि आम्ही तिघं ओटीवर जाऊन बसलो. सासूबाईंनी माझे हात आपल्या मांडीवर घेतले आणि पदराने तेल, गंज, रक्त पुसत बसल्या.

"कवापासनं चढतेस?" त्यांनी विचारलं.

"आश्विनापासून."

"आणि तुमाला माहीत व्हतं?" हे आबांना.

आबांना अजून धाप लागत होती. "मी रोज दुपारी फाटकाशी कशाला बसतो? कोणी आत येऊन बघू नये म्हणून."

कितीतरी महिने मी ज्या फाटकाकडे घाबरून बघत होते, तिथे हे गृहस्थ माझ्यासाठी राखण करत बसले होते. मला एकदम हसू आलं, आणि सासूबाईही हसल्या. बाहेर वादळ चालूच होतं, पण त्याचं आता काही वाटत नव्हतं. मनोरा उभा होता, छपरावरची कौलं थोडी उडाली होती, म्हैस ओटीच्या कडेला येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी आम्ही भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. तसं कालवण मला पुन्हा कधी लागलं नाही.

आबांनी शाळेतल्या मास्तरांकडून ह्यांना कार्ड लिहून घेतलं. पावसात आगबोटी बंद असतात, त्यामुळे हे आले ते दसऱ्याच्या सुमाराला. बरोबर जस्त चढवलेल्या तारेचं वेटोळं होतं आणि एक रुंद चामडी पट्टा, पितळी बक्कल असलेला.

"रागावलात?" मी विचारलं.

"तार मी आधीच बदलायला हवी होती. इथली हवा मला माहीत आहे." मग त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. "यापुढे हा बांधून चढ."

त्यानंतर चोरून चढायची गरज उरली नाही. गावानेही थोडे दिवस बोलून घेतलं आणि मग तेच लोक चक्की बघायला येऊ लागले. बोर्लीचा एक दुकानदार आला, मुरुडकडचे एक मुसलमान बागाईतदार आपल्या मुलाला घेऊन आले. ह्यांचं सगळ्यांना एकच सांगणं असे: आधी विहिरीजवळ बांबूला फडकं बांधा, कार्तिकापासून वैशाखापर्यंत बघत राहा, मग लोखंडाचा विचार करा. सकाळी जमिनीकडून येणारी मतलई कमजोर असते, तिच्या भरवशावर राहू नका. खाडीच्या तोंडाशी आणि उघड्या किनाऱ्यावर चक्की चालेल, डोंगराच्या कुशीत चालणार नाही. दुकानदाराची वाडी डोंगराच्या आड होती. त्याने ऐकलं नाही, आणि त्याची चक्की गावात पोरांना दाखवण्यापुरती राहिली. मुरुडच्या बागाईतदारांची मात्र उत्तम चालली. त्यांच्या घरून दर वर्षी आम्हाला खजूर यायचा.

माझी मुलगी झाली तेव्हा वाडीचं शिंपणं ऐन भरात होतं. मी चाळीस दिवस बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले नाही, आणि त्या दिवसांत एकही पोफळ सुकली नाही. खोलीत पडल्या पडल्या मला दांड्याचा वरखाली होणारा आवाज ऐकू यायचा. मुलगी त्या आवाजावर झोपायची.

ती चालायला लागली त्या माघात सासूबाई म्हणाल्या, "हरिहरेश्वरला जाऊन येऊ या का?" महाशिवरात्र जवळ आली होती. त्यांचं सगळं आयुष्य या किनाऱ्यावर गेलं होतं, आणि त्या महाशिवरात्रीला हरिहरेश्वरला एकदाही गेल्या नव्हत्या. शिवरात्र नेहमी शिंपण्यातच येते. आबा म्हणाले, "जावा. दांडी ओढायला मी हाय."

गावातल्या दोन गाड्या निघाल्या होत्या, त्यांतल्या एकीत आम्ही बसलो. श्रीवर्धनला मुक्काम केला. दर्शन झालं, प्रदक्षिणेच्या वाटेने आम्ही खडकांवर उतरलो. सासूबाई एका सपाट दगडावर पाय सोडून बसल्या आणि मुलगी त्यांच्या मांडीवर शंखांशी खेळत राहिली. गाडीवाल्याने वरून हाक मारली, "आत्ये, निघायचं का? की राहायचंय आजची रात?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा घाईतला चेहरा मी इतकी वर्षं पाहिला होता की हा चेहरा क्षणभर ओळखू आला नाही.

"राहू," त्या म्हणाल्या. "उद्याही राहू."